एफडीवरचं क्रेडिट कार्ड: सिबिल कशाने सुधारतं, कशाने नाही

२०२५ च्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी बरीच फिरली. मुलीच्या मामाने मुलाचं सिबिल बघितलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. लोक हसले, पण बातमीत नवल वाटण्यासारखं फार काही नव्हतं. घरासाठी, गाडीसाठी, दुकानाच्या कर्जासाठी तर हा तीन आकडी स्कोअर बघितला जातोच. आता काही नोकऱ्या देतानाही बघतात.

ज्याचं सिबिल बिघडलं आहे त्याला एक सल्ला हमखास मिळतो: "बँकेत एफडी टाक, त्यावर कार्ड घे, सहा महिन्यांत स्कोअर वर." सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माणसं एफडीही घालवतात आणि स्कोअरही.

आधी व्यवहार समजून घेऊ. बँकेत मुदत ठेव करायची. बँक त्या ठेवीवर लीन, म्हणजे आपला हक्क, नोंदवते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के इतक्या लिमिटचं क्रेडिट कार्ड देते. पगाराची स्लिप सहसा मागत नाहीत. पॅन आणि केवायसी मात्र लागतंच. काही बँकांना पाच-दहा हजारांची ठेव पुरते, बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस हजार लागतात. ठेवीवर व्याज नेहमीसारखं मिळत राहतं. कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही, इतकंच. इतर कुठल्याही कार्डासारखी याचीही नोंद सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्यांकडे जाते. उपयोग होतो तो या नोंदीचा.

"जुनं सगळं मिटलंय, आता फक्त कार्ड घ्यायचं"

खरंच मिटलं आहे का, हे अहवाल उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या चारही कंपन्यांनी दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. म्हणजे वर्षाला चार अहवाल, एक पैसा न देता. आपला अहवाल आपणच बघितल्याने स्कोअर कमी होतो, ही भीती निराधार आहे. तो कमी होऊ शकतो तो ठिकठिकाणी अर्ज टाकल्याने, कारण प्रत्येक अर्जामागे बँक चौकशी करते आणि ती चौकशी नोंदली जाते.

अहवालात प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटींची एक पट्टी असते. वेळेवर भरलेल्या महिन्यात ०००. हप्ता तीस दिवस थकला की ०३०, साठ दिवस थकला की ०६०. सिबिलच्या अहवालात अशा छत्तीस महिन्यांपर्यंतच्या चौकटी दिसतात. स्कोअरच्या आकड्याकडे टक लावून बसण्यापेक्षा ही पट्टी वाचा; रोग कुठे आहे ते तिथे दिसतं.

दोन शब्दांपाशी विशेष थांबायला हवं. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन खातं मिटवलं. तीन लाखांच्या येण्यापोटी दोन लाख भरले, बँकेचं पत्र मिळालं, फोन थांबले. कर्जदाराच्या लेखी विषय संपला. पुढच्या बँकेला मात्र त्यातून एक लाख बुडाल्याचं दिसतं. राहिलेली रक्कम भरायची तयारी असेल तर त्या बँकेशी लेखी बोलणं करा, भरल्यावर नो ड्यूज पत्र घ्या आणि खातं 'क्लोज्ड' असं कळवायला सांगा. मागच्या चौकटी त्याने पुसल्या जात नाहीत, पण खात्यावरचा डाग फिका होतो.

'राइट ऑफ'चा गोंधळ याहून मोठा. बँकेने कर्ज राइट ऑफ केलं म्हणजे माफ केलं, असं समजणारी शिकली-सवरलेली माणसं आहेत. बँकेने ते आपल्या ताळेबंदातून बाजूला काढलेलं असतं, एवढंच. तुमच्याकडचं येणं जसंच्या तसं असतं आणि वसुलीही चालूच राहू शकते.

आपल्याकडे आणखी एक वर्ग आहे, जामीनदारांचा. भाऊबंदाच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या टेम्पोला सही केली, पुढे त्याने हप्ते भरले नाहीत. बँकेचं ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसतं. अशा माणसाने स्वतः कधी एक रुपया थकवलेला नसतो, तरी स्कोअर खाली असतो. मूळ कर्ज नियमित झाल्याशिवाय नुसत्या कार्डाने त्याचं फारसं भलं होणार नाही.

आणि एक सावधगिरी. ज्या बँकेचं जुनं येणं बाकी आहे, तिथेच एफडी करायला जाऊ नका. ग्राहकाच्या ठेवीतून आपलं येणं वळतं करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. कार्डासाठी म्हणून ठेवलेले पंचवीस हजार जुन्या कर्जात जमा होतील आणि हाती कार्डही येणार नाही. तिथला हिशोब आधी मिटवा.

"पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो"

असं कोणी करून देऊ शकत नाही. अहवालातली माहिती बँकेने पाठवलेली असते आणि बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिलला स्वतःलाही ती बदलता येत नाही. नोंद खरी असेल तर कुठलाही एजंट ती काढू शकत नाही. खोटी असेल तर तुम्हीच तक्रार करा, ती फुकट आहे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. नाव सारखं असल्याने दुसऱ्याचं कर्ज आपल्या खाती पडणं, फेडलेलं कर्ज चालू दिसणं, हे प्रकार होतात आणि ते दुरुस्त होतात. पैसे घेऊन ओटीपी मागणाऱ्याकडे मात्र फिरकू नका.

"बिल थकलं तर एफडीतून कापून जाईल"

हा सगळ्यात महागडा गैरसमज. हे प्रीपेड कार्ड नाही आणि एफडी म्हणजे बिल भरायला ठेवलेली रक्कमही नाही. बिल दर महिन्याला आपल्या खिशातूनच भरायचं असतं. एफडी बँकेच्या सुरक्षिततेसाठी आहे. किराणा दुकानदाराकडे अनामत ठेवली म्हणून महिन्याची उधारी आपोआप फिटत नाही, तसंच हे.

बिल चुकलं की काय होतं? देय तारखेनंतर तीन दिवसांची सवलत आहे. ते उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही आणि थकबाकीची नोंदही पाठवता येत नाही. त्यानंतर दंड, व्याज आणि पट्टीत नवा आकडा. काही महिने थकलं की बँक एफडी मोडून आपले पैसे वसूल करते. तिचं काहीच बिघडत नाही. तुमच्या अहवालात मात्र थकल्याच्या नोंदी तशाच राहतात, आणि त्यासुद्धा सिबिल सुधारायला म्हणून घेतलेल्या कार्डावर. त्यामुळे कार्ड हातात आल्या दिवशीच बचत खात्यातून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावून घ्या आणि त्या खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.

"किमान रक्कम भरली की काम झालं"

किमान रक्कम भरली तर थकबाकीची नोंद होत नाही, हे खरं. पण हिशोब मांडून बघा. समजा एफडी २५,००० ची, लिमिट २०,००० चं आणि बिल आलं १८,००० चं. किमान रक्कम पाच टक्के धरली तर ९०० रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर १८,००० वर ६३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११३ रुपये. भरलेल्या ९०० पैकी ७४३ व्याज-करात जातात आणि मुद्दल कमी होतं जेमतेम १५७ रुपयांनी. त्याच महिन्यात तुमच्या २५,००० च्या एफडीला सात टक्क्यांनी व्याज मिळतं साधारण १४६ रुपये. शिवाय जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत; खरेदी केल्या दिवसापासून व्याज सुरू.

ठेव तारण असल्याने काही बँका या कार्डावर थोडं कमी व्याज लावतात. पण दर बँकेचा, त्याला सरकारी मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर पूर्ण वर्ज्य समजा. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

"जास्त वापरलं की स्कोअर लवकर वाढतो"

उलट आहे. लिमिटच्या किती टक्के वापरता हे बघितलं जातं आणि वापर तीस टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. २०,००० च्या लिमिटवर म्हणजे सहा हजार. फोनचं रिचार्ज, वीजबिल, एखाद-दुसऱ्या वेळचं पेट्रोल, एवढं पुरे. रुपे कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडून दुकानातल्या क्यूआरवरही चालतं. सोय आहे, पण हात सैल सुटायला वेळ लागत नाही. एखाद्या महिन्यात खर्च जास्त झालाच तर बिल निघण्यापूर्वीच थोडे पैसे भरून टाका, म्हणजे नोंदीत बाकी कमी दिसेल. कार्ड कपाटात ठेवून देण्यातही अर्थ नाही. वर्षभर वापरलं नाही तर बँक तुम्हाला कळवून ते बंद करू शकते. आणि डेबिट कार्डाने किंवा थेट बचत खात्यातून यूपीआयने कितीही खर्च केला तरी अहवालात त्याची नोंद होत नाही, कारण तिथे उधारच नसते.

"एफडी आहे की पतसंस्थेत, तीच लावू"

चालणार नाही. कार्ड देणाऱ्या बँकेतलीच ठेव लागते. पतसंस्था क्रेडिट कार्ड देत नाहीत, आणि बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही तिथल्या ठेवींना नसतं. करबचतीची पाच वर्षांची एफडी तारण ठेवता येत नाही, म्हणून तीही बाद. संयुक्त नावाची असेल तर आधी बँकेत विचारा.

"सहा महिन्यांत सगळं ठीक"

महिने मोजून हमी देणारा थापा मारतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे चांगल्या नोंदी आता लवकर चढतात. पण जुन्या नोंदीही तिथेच असतात. कायद्याने ही माहिती किमान सात वर्षं जपायची असते. ज्याच्या नावावर कधी कर्जच नव्हतं, त्याचा स्कोअर काही महिन्यांत तयार होतो. ज्याची दोन कर्जं राइट ऑफ आहेत, त्याने वर्षा-दोन वर्षांचा धीर धरावा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये कुठेही असला तरी कर्जासाठी किमान अमुकच हवा, असं रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही. प्रत्येक बँक आपली रेघ आपण आखते. एका ठिकाणी नकार आला म्हणून लगेच आणखी पाच ठिकाणी अर्ज टाकू नका.

माझं मत विचाराल तर हातात पंचवीस हजार असतील आणि कुठे जुनं येणं शिल्लक असेल, तर ते पैसे आधी तिथे भरा. कार्ड नंतर. जुनं काही बाकी नसेल तर मात्र हे कार्ड घेण्यासारखं आहे. थोड्या पैशात, कुणाच्या पाया न पडता, वेळेवर भरल्याच्या नोंदी यातून मिळतात.

पुढे साधं कार्ड मिळालं की हे बंद करता येतं. बाकी शून्य करून अर्ज दिला की बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा नियम आहे. कार्ड बंद झाल्यावर एफडीवरचं लीन उठल्याचं बँकेकडून लेखी घ्या, आणि महिन्याभराने अहवालात ते खातं 'क्लोज्ड' दिसतं आहे ना, हे एकदा बघा.