चढलास त्याच गिअरमध्ये

२०२५च्या ऑगस्टमध्ये आयोवा राज्याच्या जत्रेत अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, एक घोषणा केली. डिझेल गाडीच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला की गाडीची ताकद एकाएकी छाटली जाते. तशी ती छाटू नका, चालकाला गॅरेज गाठायला वेळ द्या, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर बदला, असं कंपन्यांना सांगण्यात आलं. बातमी वाचता वाचता माझा चहा निवला. पंधरा वर्षांनी सुचलं होय!

माझी पाळी तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत येऊन गेली होती. नव्या ट्रकने डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्याचा चढ चढत होतो. उंची अकरा हजार फुटांच्या घरात, मागे ९,००० पाउंडांचा, म्हणजे चार टनांचा कॅम्पर. काट्यांशेजारी अक्षरं उमटली : डीईएफचा दर्जा बरोबर नाही, इतक्या मैलांनंतर वेग कमी केला जाईल. डीईएफ म्हणजे आपले ट्रकवाले ज्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात ते. टाकी मी आदल्या दिवशीच काठोकाठ भरली होती. पण यंत्राचा माझ्यावर विश्वास नव्हता. मैल उलटे मोजले जाऊ लागले आणि शेवटी गाडी ताशी ५ मैलांवर आली. बायको म्हणाली, “उतरून चालू या का? लवकर पोचू.” ओढणाऱ्या गाडीला ओढायला दुसरी गाडी आली. बिघाड निघाला एका सेन्सरचा. कंपनीचं नाव इथे नको.

ही घोषणा झाली त्याच महिन्यात मी माझा जुना, १९९७चा ट्रक विकला. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं भराभर उरकतो, कारण ती कंटाळवाणी होती. १९८२ साली जनरल मोटर्सने पिकअपमध्ये ६.२ लिटरचं डिझेल घातलं. पुढच्या वर्षी फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून ६.९ लिटरचं घेतलं. दोन्हींना टर्बो नव्हता. आवाज मोठा, ओढ बेताची. मग १९८९ साली डॉजने कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन पिकअपमध्ये बसवलं. शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांत राबणारं हे इंजिन. अश्वशक्ती १६०च, पण टॉर्क ४०० पाउंड-फूट. खेळ तिथे बदलला.

कमिन्स हे नाव मला अमेरिकेत शिकावं लागलं नाही. मी कोथरूडचा. किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना १९६२पासून आमच्याकडे. ‘कमिन्सला लागला’ म्हटलं की मुलाच्या लग्नाची काळजी मिटायची. पुढे जमशेदपूरला टाटांबरोबर त्यांचा कारखाना निघाला आणि याच ५.९ लिटरच्या घराण्यातली इंजिनं टाटाच्या ट्रकांत धावू लागली. कोलोरॅडोत मी ज्या आवाजावर भाळलो, तो नगर रोडवर भाऊ रोज शिव्या देत ऐकत होता.

आता खरं दशक : १९९७ ते २००७. त्या काळात आमच्या महाराष्ट्र मंडळात ट्रकवाले पाचसहाच. कोणी कॅम्पर ओढायचा, एकाच्या बायकोचे घोडे होते, आणि गणपतीची कमान, पातेली, सतरंज्या भरलेला मंडळाचा ट्रेलर कोणी ओढायचा यावर दर भाद्रपदात वाद. तीन तट होते. जनरल मोटर्सच्या ६.५ टर्बोवाल्यांची टिंगल व्हायची. फोर्डच्या ७.३ पॉवरस्ट्रोकवाले शांत, समाधानी. उगाच नव्हे, ते इंजिन खरंच दणकट होतं. आणि आम्ही कमिन्सवाले, दोघेच, पण आवाज सर्वांत मोठा. इंजिनाचाही आणि आमचाही.

तेव्हा ट्रक निवडणं म्हणजे बॉनेट उघडणं. सकाळी इंजिन गार असताना जायचं, सुरू करताना ऐकायचं, धूर पांढरा की काळा ते बघायचं. १९९४ ते ९८च्या कमिन्सवर बॉशचा यांत्रिक पंप होता. इंजिनाला चालत राहायला संगणक लागत नसे. हाताचे पाच गिअर, २१५ अश्वशक्ती, ४४० पाउंड-फूट. आजच्या आकड्यांपुढे हसू येईल. त्याच्यातही खोड होती. टायमिंग गिअरपाशी पोलादाची एक छोटी पिन सैल होऊन आत पडू शकते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यावर पत्र्याची पट्टी ठोकली की विषय संपला. दोष दिसत होता, त्याला हात लावता येत होता.

पण तो ट्रक घेताना मी विचार केला तो फक्त चढाचा. माझे मामा एसटीत चालक. वरंध घाट त्यांच्या रोजच्या पायाखालचा. लहानपणी मला केबिनमध्ये बसवून सांगायचे, “ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. इंजिन गाडी ओढतं ते कौतुक नाही रे, अडवतं ते कौतुक.” हे मला आठवलं बोगद्यापलीकडच्या सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर. मैलोगणती सहासात टक्क्यांचा उतार. डिझेलला पेट्रोल इंजिनासारखी हवेची झडप नसते, त्यामुळे पाय काढला तरी ते गाडीला फारसं धरत नाही. मागचे चार टन मला ढकलू लागले, ब्रेक तापले, जळका वास केबिनमध्ये आला. बेलगाम ट्रकांसाठी बांधलेली खडीची चढण उजव्या हाताला दिसली आणि मी मनातल्या मनात तिचं अंतर मोजलं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते एक्झॉस्ट ब्रेक बसवण्याचं. तो धूर बाहेर जाण्याची वाट अडवतो, इंजिन स्वतःच्याच श्वासाशी झुंजतं आणि गाडी हळू होते. तेव्हा हा ब्रेक कारखान्यातून येत नसे. माझा लाडका ट्रक ओढण्यात वाघ होता, थांबण्यात मांजर. लिहितानाही जिवावर येतं, पण खरं आहे.

दशकाच्या मध्यावर पडझड सुरू झाली. १९९८च्या मध्यात कमिन्सला इलेक्ट्रॉनिक पंप आला. त्याला डिझेल पोचवणारा छोटा पंप दमला की मोठाही जायचा. २००१ साली जनरल मोटर्सने इसुझूसोबत केलेलं ड्युरामॅक्स आलं : ३०० अश्वशक्ती, ॲलिसनचा गिअरबॉक्स, आणि आत बसून चक्क गप्पा मारता येतील इतकं शांत. मग त्याचे इंजेक्टर जाऊ लागले आणि कंपनीला त्यांची वॉरंटी वाढवावी लागली. २००३ साली फोर्डने ७.३ बंद करून ६.० आणलं. त्याचे कूलर, हेड गॅस्केट यांची कहाणी इतकी गाजली की फोर्ड आणि इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार २००७ साली कोर्टात गेल्या, २००९ साली तडजोड झाली. मंडळातले ७.३वाले तेवढे मिशीत हसत राहिले.

त्या काळातला एक जुना हिशेब इथे चुकता करतो : जाहिरातीतला आकडा. ‘१५,००० पाउंड ओढतो!’ असं जो तो छापायचा, आणि हा आकडा कसा काढायचा हे जो तो स्वतःच ठरवायचा. आमच्या एका मित्राने त्या आकड्यावर भिस्त ठेवून १४,००० पाउंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर घेतला. फिफ्थ-व्हीलचा साधारण पाचवा हिस्सा भार ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणजे २,८०० पाउंड. त्याच्या पाऊण टनी ट्रकची पाठ होती जेमतेम २,००० पाउंडांची, त्यात चार माणसं आणि सामान. मी म्हटलं, “अरे, एकदा हायवेवरच्या काट्यावर उभा कर.” तो म्हणाला, “कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं का?” मागचे टायर मोआबच्या वाटेवर गेले. दोन. आमचं बोलणं वर्षभर बंद होतं.

या बाबतीत नव्या जमान्याला नावं ठेवता येत नाहीत. दाराच्या चौकटीवर आता पिवळी चिठ्ठी असते. तुमच्या ट्रकवर, त्याच ट्रकवर, किती वजन चढवायचं ते तीवर लिहिलेलं असतं. ट्रक बघायला गेलात तर आधी दार उघडा, बॉनेट नंतर. शिवाय जे२८०७ नावाचं प्रमाण आलं. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस धरणाचा चढ, एसी पूर्ण सुरू ठेवून, नेमलेल्या वेगाच्या खाली न जाता चढावा लागतो. छापील आकड्याला कुठेतरी घाम गाळावा लागतो.

आणि २००७. त्या वर्षाने एका हाताने दिलं, दुसऱ्याने नेलं. कमिन्सच्या नव्या ६.७ लिटरमध्ये एक्झॉस्ट ब्रेक कारखान्यातूनच आला. मामांना आवडला असता. त्याच इंजिनाच्या शेपटीला काजळी अडवणारा फिल्टर आला. २०१०च्या सुमारास इतरांकडे युरिया आला, २०१३ साली आमच्याकडेही. काजळी वाईटच. माझ्या जुन्या ट्रकमागे सायकल चालवायला माझी मुलगी कधी तयार नसे. पण फिल्टर तुंबला, सेन्सर बिथरला की गाडी कोणाचं ऐकेल, हे त्या वर्षापासून ठरलं. आम्हाला थांबवता येणारी गाडी हवी होती. मिळाली स्वतःच थांबणारी.

त्यानंतरची वर्षं म्हणजे नुसती आकड्यांची कुस्ती. २०१९ साली टॉर्क १,००० झाला, २०२३ साली फोर्डने १,२०० केला. २०१८नंतर हाताचे गिअर संपले. डिझेल इंजिनासाठीच दहा हजार डॉलरच्या आसपास वेगळे मोजायचे. दुसरीकडे लोकांनी फिल्टर कापून फेकले. ईपीएच्याच अंदाजाने दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त पिकअपचे. त्यांच्या काळ्या धुराच्या पराक्रमाबद्दल मला प्रेम नाही. आणि २०२३च्या डिसेंबरात बातमी आली की धूर-चाचणीच्या प्रकरणात कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरांचा दंड भरायचं मान्य केलं. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण कोथरूडच्या पोराला जे लागायचं ते लागलं.

ट्रक घ्यायला आलेला मुलगा पंचविशीचा. गवताचे गठ्ठे ओढायचे होते. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला, मग तोच प्रश्न : “किती ओढतो?” मी त्याला शेजारी बसवून फ्लॉइड हिलच्या उतारावर नेलं. वरच्या टोकालाच तिसरा टाकला, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं आणि पाय ब्रेकवरून काढून घेतला. मामांचं वाक्य इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, नीट जमलं नाही. तो काही बोलला नाही.

पैसे मोजून तो निघाला. आमच्या घरापुढचा रस्ता वळणानंतर एकदम खाली उतरतो. ट्रक वळणाआड गेला तरी मी फाटकात उभा होतो. आवाज क्षणभर थांबला, मग वरच्या पट्टीत चढला. उताराआधी त्याने गिअर खाली टाकला होता.