विश्लेषण : फाइलच्या पोटातला ‘चोरकप्पा’! विंडोजमधील ही सोय धोक्याची का ठरते?

इंटरनेटवरून उतरवलेली वर्डची फाइल उघडली, की वर पिवळी पट्टी येते आणि ‘एनेबल एडिटिंग’ दाबल्याशिवाय त्यात काही बदल करता येत नाही. तीच फाइल कुणी पेनड्राइव्हवरून दिली, तर बहुतेक वेळा ही पट्टी दिसत नाही. फाइल तीच, मग असे का? याचे उत्तर फाइलला जोडलेल्या एका अदृश्य कप्प्यात आहे.

हा कप्पा म्हणजे काय?

डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे आणि ती कोणाला उघडता येईल, याचा हिशेब फाइल सिस्टीम ठेवते. विंडोजमध्ये हे काम प्रामुख्याने ‘एनटीएफएस’ करते. ती १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ सोबत आली. तिच्यात एकाच फाइलला मुख्य मजकुराशिवाय माहितीचे आणखी कप्पे जोडता येतात. त्यांना ‘ऑल्टरनेट डेटा स्ट्रीम’ म्हणतात. ॲपलच्या मॅकिंटॉशवर तेव्हा एका फाइलचे दोन भाग असत. अशा फाइल विंडोज सर्व्हरवर ठेवता याव्यात, यासाठी ही सोय केली गेली.

गंमत म्हणजे, १० केबीच्या फाइलला १०० एमबीचा कप्पा जोडला, तरी फाइल एक्सप्लोररमध्ये आकार १० केबीच दिसतो. डिस्कवरची मोकळी जागा मात्र कमी होते.

त्याचा उपयोग काय?

२००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून हा कप्पा सुरक्षेच्या कामी आला. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला ‘झोन आयडेंटिफायर’ नावाचा छोटा कप्पा जोडला जातो. त्यातील ३ हा आकडा सांगतो, की फाइल इंटरनेटवरून आली आहे. हा शिक्का पाहूनच विंडोज सावधगिरीची सूचना देते आणि वर्ड, एक्सेलमध्ये पिवळी पट्टी येते. २०२२ पासून असा शिक्का असलेल्या ऑफिस फाइलमधील मॅक्रोही मायक्रोसॉफ्टने आपोआप रोखायला सुरुवात केली.

मग धोका कुठे?

पहिला धोका लपवाछपवीचा. या कप्प्याचा वापर करणारा ‘स्ट्रीम’ हा व्हायरस २००० मध्येच समोर आला होता. आजचे प्रमुख अँटीव्हायरस हे कप्पे तपासतात. शिवाय त्यातील प्रोग्राम नुसत्या डबल-क्लिकने चालत नाही. मात्र संगणकात आधीच शिरलेल्या हल्लेखोराला लपायला ही जागा सोयीची आहे.

दुसरा धोका शिक्का पुसला जाण्याचा. पेनड्राइव्हवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. तिथे हे कप्पे टिकत नाहीत. सेव्हन-झिपच्या २४.०९ पूर्वीच्या आवृत्त्यांत खास पद्धतीने बनवलेली झिप उघडली, तर आतल्या फाइलवर शिक्का उमटत नव्हता. म्हणजेच सूचना आली नाही, याचा अर्थ फाइल सुरक्षित आहे असा होत नाही.

तिसरा आणि ताजा धोका विनरारचा. २०२५ मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने उघड केले, की ‘रोमकॉम’ हा हॅकर गट नोकरीचे अर्ज म्हणून रार फाइल पाठवत होता. लक्ष्य होत्या युरोप आणि कॅनडातील कंपन्या. उघडणाऱ्याला आत एकच बायोडेटा दिसे. त्याच्या अदृश्य कप्प्यांतील फाइल मात्र विनरारमधील त्रुटीमुळे थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरपर्यंत पोहोचत. पुढच्या लॉगिनला हल्ला सुरू! ७.१३ या आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली. पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही.

काय काळजी घ्याल?

- विनरार आणि सेव्हन-झिपची आवृत्ती आजच तपासा. जुनी असेल, तर अधिकृत संकेतस्थळावरूनच नवी घ्या.
- पिवळी पट्टी दिसली, की सवयीने ‘एनेबल’ दाबू नका. फाइल कोणी पाठवली, याची आधी खात्री करा.
- पेनड्राइव्हवरून किंवा मोबाइलमधून केबलने घेतलेल्या फाइलवर हा शिक्का असेलच असे नाही. ती आधी अँटीव्हायरसने तपासा.
- कप्पे पाहायचे असतील, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीआयआर’ आज्ञेला स्लॅश आणि ‘आर’ जोडा. ‘झोन आयडेंटिफायर’ दिसला तर घाबरू नका, तो पहारेकरी आहे. अनोळखी नावाचा मोठा कप्पा दिसला, तर मात्र जाणकाराला दाखवा.