वाळवंटातील एक मुक्काम

वाळवंट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? रणरणते ऊन, कोरडा घसा आणि क्षितिजावरून चाललेली उंटांची रांग. आम्हीही हेच चित्र मनात घेऊन गेलो होतो. परंतु वाळवंटात राहायला जाणाऱ्याने उन्हाइतकेच अंधाराला जपावे लागते, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडेल, म्हणून ती हकिकत सांगतो.

मी आणि माझा एक जुना मित्र, असे दोघे डिसेंबरात जैसलमेरला गेलो. तिथून पश्चिमेस चाळीसेक किलोमीटरवर सम येथे वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. पण तिथे आता प्रवाशांसाठी तंबूंचे गावच वसले आहे. आम्हांला शांतता हवी होती. तेव्हा नैर्ऋत्येकडे खुरी गावाच्या बाजूला गेलो आणि एका म्हाताऱ्या उंटवाल्याला बरोबर घेतले. दोन उंट, एक राहुटी, कांबळी, कंदील आणि माणशी रोजचे पाच लिटर पाणी, एवढा आमचा संसार.

पहिला धडा राहुटी उभारतानाच मिळाला. मेख ठोकावी तर ती वाळूतून लोण्यातून सुरी निघावी तशी वर येई. बाबांनी हसत एक जाड काठी घेतली, तिच्या मध्यावर दोर बांधला आणि ती हातभर खड्ड्यात आडवी पुरली. वर वाळूचा भार पडला की ती हलत नाही. जागाही त्यांनीच निवडली. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, पाठीमागची खडी. कोरडी वाळू साधारण चौतीस अंशांहून अधिक उतारावर ठरत नाही, घसरते. म्हणून खड्या बाजूच्या अगदी पायथ्याशी कधी झोपू नये.

दुसरा धडा थंडीचा. दुपारी पंचवीस अंश उष्मा, तर पहाटे सात-आठ! असे का होते? हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसाची उष्णता अडवून धरणारे वर काही नसते. शिवाय कोरड्या वाळूतून उष्णता सावकाश जाते. सूर्य मावळला की वरचा थर भराभर निवतो, पण वीतभर खाली ऊब राहते. बाबांनी मला हात खुपसून पाहायला लावले. माझा मित्रही शेजारी बसून पाहत होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

दिवेलागणीला मित्र म्हणाला, "शेकोटीला काटक्या आणू या, चल." मी कांबळ्यावर पसरलो होतो. "तूच जा रे, मी जरा पडतो," असे मी म्हणालो. तो गेला. विजेरी घेतली नाही, मोबाईल राहुटीतच राहिला. अजून उजेड आहे, असे दोघांनाही वाटले. पण संधिप्रकाश अर्ध्या तासात संपला. चंद्र नव्हता. पाऊण तास झाला तरी तो आला नाही.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. दोन टेकड्या मध्ये आल्या की आवाज अडतो, आणि सुटी वाळू तो पिऊनही टाकते. मी धावत सुटणार, तोच बाबांनी मनगट धरले. एक हरवला आहे, दोघांना शोधायची पाळी माझ्यावर आणू नका, असे ते म्हणाले. त्यांनी कंदील काठीला बांधून टेकडीच्या माथ्यावर रोवला आणि मला त्याच्याजवळ बसवले. स्वतः विजेरी गुडघ्याखाली, अगदी जमिनीलगत आडवी धरून निघाले. वरून उजेड टाकला तर वाळू सपाट दिसते. आडवा टाकला की प्रत्येक पावलाच्या खळग्यात सावली पडते आणि माग उठून दिसतो.

तो दीड तास मला फार लांब वाटला. "तूच जा रे" हे शब्द कानांत घुमत होते.

शेवटी दोघे आले. मित्र सापडला तो राहुटीपासून जेमतेम चारशे पावलांवर! तो शपथेवर सांगत होता की मी सरळच चाललो. मागावरून मात्र दिसत होते की त्याने स्वतःचीच वाट दोनदा ओलांडली होती. हा त्याचा एकट्याचा दोष नव्हे. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी माणसांना जंगलात आणि ट्युनिशियातील सहारा वाळवंटात चालवून पाहिले. सूर्य किंवा चंद्र दिसत असता ती बऱ्यापैकी सरळ चालली. तो दिसेनासा झाला की वळत गेली, आणि जंगलात तर काहींनी नकळत गोल फेरे घेतले. बाहेर खूण नसली की "सरळ" म्हणजे कुठे, याचा आपला अंदाज पावलागणिक थोडा थोडा चुकत जातो.

मित्राने एक शहाणपण केले. वाट चुकली हे कळताच तो बसला, वारा अडेल अशा जागी, आणि पाय खालच्या उबदार वाळूत पुरून घेतले.

म्हणून सांगतो, राहुटी सोडण्याआधी उंचावर दिवा लावा. विजेरीशिवाय शंभर पावलेही जाऊ नका. काटक्यांत हात घालण्याआधी काठी फिरवा, कारण कोकणात आढळते ते फुरसे या मुलखातही असते. ध्रुवतारा ओळखायला शिका. मुंबईत तो क्षितिजावर सुमारे १९ अंश असतो, जैसलमेरला २७. हात लांब करून धरलेल्या मुठीने मोजाल तर पावणेतीन मुठी. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी शोधू नका, ते तेव्हा क्षितिजाखाली असतात. शर्मिष्ठा डोक्याकडे वर आलेली असते, तिच्या खाली उत्तरेस पाहा. निघताना आपण कोणत्या दिशेला चाललो हे मनाशी म्हणा. आणि वाट चुकलीच तर चालू नका, बसा.

आणखी एक. सोबती "चल" म्हणाला तर कांबळे बाजूला सारून उठा. दुसऱ्या संध्याकाळी काटक्या आणायला आम्ही दोघे गेलो.