माती ओली, तरी झाड तहानलेलं : खारं पाणी फळबागेचं काय करतं?

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा मागच्या उन्हाळ्यात मला म्हणाले, "सर, रोज ठिबक चालू आहे, तरी द्राक्षाच्या पानांच्या कडा करपतायत. आता पाणी आणखी वाढवू का?" मी विचारलं, बोअरचं पाणी कधी तपासलंय का? ते गप्प झाले. सोलापूर-सांगलीकडच्या अनेक बागांत हाच प्रश्न आहे. विहीर आटली की खोल बोअर, आणि खोल बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटतं. मीठ पाणी ओढून घेतं. मातीतही तसंच होतं. मुळांभोवती क्षार साठले की पाणी शोषायला झाडाला जास्त जोर लावावा लागतो. जमीन ओली असते, पण झाड उपाशी राहतं. शेंडे खुंटतात, फळ लहान राहतं. शिवाय सोडियम आणि क्लोराइड पानांत साठतात, म्हणून आधी जुन्या पानांच्या कडा जळतात. सोडियम जास्त असेल तर काळी माती घट्ट होते आणि पाणी वर साचून राहतं.

सगळी झाडं सारखी नसतात. मातीची क्षारता (ई.सी.) साधारण १.५ च्या वर गेली की द्राक्षाचं उत्पन्न घटू लागतं. लिंबूवर्गीय झाडं आणि आंबाही नाजूकच. रमजानमध्ये ज्या खजुराने आपण रोजा सोडतो, त्याचं झाड मात्र साधारण ४ पर्यंत सोसतं.

मग करायचं काय?

बाग लावण्याआधी पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या. मोटर अर्धा तास चालवून मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरा, तो कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. पाण्याची ई.सी. ०.७ च्या आत असेल तर चिंता नाही; ३ च्या वर असेल तर नाजूक फळझाड लावूच नका. द्राक्ष लावायचंच असेल तर डॉगरिजसारख्या क्षार सोसणाऱ्या खुंटावरचं कलम घ्या.

बाग उभी असेल तर नुसतं रोज थोडं-थोडं पाणी देऊन भागत नाही, तेवढ्याने क्षार खाली उतरत नाहीत. अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते खाली उतरवा, पण चर काढून निचरा आधी करा. शेततळ्यातलं पावसाचं पाणी मिसळता आलं तर उत्तम. बुंध्याभोवती पाचटाचं आच्छादन ठेवा. जिप्सम मात्र अहवालात सोडियम जास्त आला तरच टाका. शेजाऱ्याने टाकलं म्हणून नको.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद करू नका. ओलाव्याच्या कडेला साठलेले क्षार तो पाऊस पुन्हा मुळांकडे ढकलतो.

त्या अब्बांनी नमुना दिला. बोअरची ई.सी. ३ च्या जवळ निघाली. ते म्हणाले, "सर, हे लावणीआधी केलं असतं तर कर्ज वाचलं असतं." तुम्ही लावणीआधीच करा.