राजगड ते रायगड : पायांनी जपलेली वाट

नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर राजगड आणि रायगड यांच्यात सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटरांचं अंतर आहे. गाडीनं जायचं तर भोर, वरंधा घाट, महाड असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो. आणि पायी जायचं तर चार-पाच दिवस लागतात. महाराजांच्या पहिल्या राजधानीतून निघायचं, वाटेत तोरणा ओलांडायचा, सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात पाय ठेवायचा आणि दुसऱ्या राजधानीत पोचायचं, असा हा रस्ता. डोंगर भटकणारी मंडळी त्याला नुसतं ‘राजगड-तोरणा-रायगड’ म्हणतात. सह्याद्रीत हिंडू लागलेल्या प्रत्येकाच्या मनात ही वाट कधी ना कधी घर करतेच.

डिसेंबरातल्या एका पहाटे गुंजवण्याहून आम्ही सात जण निघालो. बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ. त्यांना सगळे पहिल्या तासातच ‘काका’ म्हणू लागले. इंजिनिअरिंगची दोन मुलं, एक परिचारिका, एक शाळामास्तर, आमचा लीडर आणि मी. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना आधी पाहिलेलंही नव्हतं.

एका दिवसाची गडफेरी आणि ही लांबची चाल यांत मोठा फरक आहे. एका दिवसात माणूस आपला चांगला चेहरा टिकवून धरू शकतो. पाठीवर दहा-बारा किलोंची सॅक घेऊन तिसऱ्या दिवशी चढ चढताना ते जमत नाही. पहिल्या रात्री पद्मावती माचीवरच्या देवळात आम्ही उतरलो, तेव्हा प्रत्येकाचा डबा वेगळा होता. शाळामास्तरांच्या बाकरवड्या मास्तरांच्याच पिशवीत, मुलांची मॅगी मुलांच्याच पातेल्यात. दुसऱ्या दिवशी तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळात एकच चूल पेटली आणि एकाच पातेल्यात खिचडी शिजली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पाणी लांबून आणायचं, सरपण शोधायचं, अंधार पडायच्या आत जेवण उरकायचं; मग सात चुली परवडत नाहीत, एवढंच.

राजगडाहून तोरण्याकडे निघताना संजीवनी माचीवरून जावं लागतं. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ही माची, तिची दुहेरी तटबंदी, आणि त्या दोन भिंतींमधल्या अरुंद बोळातून चालणारे आपण. पुस्तकात वाचलेला किल्ला इथं पहिल्यांदा पायांना कळतो. अळू दरवाजातून बाहेर पडलं की डोंगराची सोंड धरून उतरायचं. मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की बुधला माचीचा उभा चढ. घसाऱ्यावरून पाय सरकतो, कारवीच्या काटक्या हातात येतात. काकांचा उजवा गुडघा इथंच कुरकुरू लागला. परिचारिकेनं पट्टी बांधली. लीडरनं काहीही न बोलता त्यांना रांगेत सर्वांत पुढं ठेवलं. डोंगरातला हा जुना नियम आहे : जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीनं गट चालतो. मुलं थोडी चुळबुळली. पण तासाभरानं त्यांच्याही लक्षात आलं, की या चालीनं गेलं तर आजूबाजूचं दिसतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहरीला पोचलो. घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलेलं हे लहानसं गाव. जवळच रायलिंगाचं पठार. त्याच्या टोकाला उभं राहिलं की समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागं, थेट नजरेच्या रेषेत, रायगड. बराच वेळ कुणी बोललं नाही.

रात्री ज्या घराच्या ओसरीत पथाऱ्या पसरल्या, तिथल्या आजींचं माहेर कड्याखालच्या दापोलीचं. ही दापोली रत्नागिरीतली प्रसिद्ध दापोली नव्हे. लिंगाण्याच्या पायथ्याचं खेडं. ‘‘म्हायेरला जायाचं म्हंजी नाळ उतरायची,’’ आजी भाकरी थापता थापता सांगत होत्या. ‘‘दिस उगवायला निगालं की दुपारच्या भाकरीला आयच्या दारात. येकदा लेकराला पाठीशी बांधून उतरले हुते. तुमी लोक हौशीनं येता, बाबांनो. आमाला दुसरी वाटच नव्हती.’’ आता नातवंडं कशी जातात, असं मास्तरांनी विचारलं. ‘‘गाडीनं जात्यात की, लांबून. नाळंत कोण उतरतंय आता?’’

पहाटे काकांचा गुडघा टम्म सुजला होता. पुढचा टप्पा सिंगापूरच्या नाळेचा : दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ, जिथं प्रत्येक पाऊल गुडघ्यावर येतं. चर्चा सुरू झाली. मुलं म्हणाली, काकांची सॅक आम्ही घेतो. लीडर गप्प होता. शेवटी काकाच म्हणाले, ‘‘अरे, सॅक घ्याल, गुडघा कसा घ्याल? मी मागं फिरतो. माझा रायगड काल पठारावरूनच झाला.’’ हसत म्हणाले खरे, पण नजर कड्याकडे होती. गेली कित्येक वर्षं त्यांनी या वाटेची कात्रणं जमवली होती, हे आम्हाला ठाऊक होतं.

मग त्या दोन मुलांपैकी थोरला, जो तोरण्याच्या चढावर सर्वांत जास्त चुळबुळला होता, तो उठला आणि सॅक आवरू लागला. ‘‘काका, मी येतो तुमच्याबरोबर. वेल्ह्यापर्यंत काही एकट्यानं जाऊ नका.’’ काकांनी हरप्रकारे नको म्हणून पाहिलं. तो ऐकेना. ‘‘रायगड कुठं पळून जातोय? पुढच्या वर्षी दोघं मिळून येऊ,’’ एवढंच बोलला. आजींनी दोघांच्या हातावर गूळ ठेवला. आम्ही पाच जण कड्याकडे निघालो.

नाळ उतरायला गावातला एक तरुण वाट दाखवायला आला होता. तो नसता तर सुरुवातच सापडली नसती. वाटेवर झाडोरा माजलेला, कुठं कुठं पावसानं दगड सरकलेले. मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक त्याला पायांनी कळत होता. आम्हाला डोळे फाडूनही कळत नव्हता.

अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची सुमारे ३,५०० किलोमीटरांची पायवाट आहे. १९२१ साली तिची कल्पना मांडली गेली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. झाडांवर पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा असतात आणि ठिकठिकाणच्या हौशी मंडळांचे स्वयंसेवक आपापला टप्पा वर्षानुवर्षं साफ राखतात. आपल्या घाटवाटांना असा राखणदार कधीच लागला नाही. मिठाचे बैल, बाजाराला निघालेले धनगर, माहेरी निघालेल्या लेकी, यांच्या पायांनीच त्या मळलेल्या राहिल्या. ते पाय थांबले की वाट दोन-चार पावसाळ्यांत कारवीखाली जाते.

रस्ते आले याचं दुःख करण्यात अर्थ नाही. आजारी माणसाला डोलीत घालून नाळ उतरणाऱ्यांना विचारा. गाडीचं मोल तेच सांगतील. पण जुलै २०२५मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांत राजगड आहे, रायगड आहे. या दोहोंना जोडणाऱ्या वाटा मात्र कुठल्याच यादीत नाहीत. किल्ला म्हणजे नुसते तट आणि बुरूज नव्हेत. तिथवर धान्य, निरोप आणि माणसं पोचवणारं वाटांचं जाळं हाही त्याचाच भाग होता. ते जाळं जपायला मोठा निधी लागत नाही. वर्षातून एकदा कोयता घेऊन झाडोरा काढणारे चार हात लागतात. गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावं लागतं आणि त्याच्या दिवसाचे दाम रोख द्यावे लागतात.

पाचव्या दिवशी आम्ही रायगडाच्या सुमारे १,४०० पायऱ्या चढलो. रोपवेनं आलेली कुटुंबं होळीच्या माळावर फोटो काढत होती. जगदीश्वराचं दर्शन घेऊन, समाधीला नमस्कार करून परिचारिका म्हणाली, ‘‘फोन लागतोय का बघा हो कुणाचा. काकांना सांगू या.’’ पलीकडून काकांनी पहिला प्रश्न विचारला तो रायगडाबद्दल नव्हता. ‘‘नाळेत वाट शिल्लक आहे ना रे अजून?’’

आहे, म्हणालो. पुढच्या वर्षीपर्यंत ती राहायला हवी. दोघं जण यायचे आहेत.