रविवार कोणाचा?

बेलपाडा स्थानकावरून 17 नोव्हेंबर 2023 पासून नवी मुंबई मेट्रो धावू लागली. ती रविवारीही धावते. मग दुकाने व कार्यालयांनी रविवारी पूर्ण सेवा का देऊ नये, असा प्रश्न आठवडाभर नोकरीत अडकलेल्यांना पडणे स्वाभाविक आहे.

मात्र ही सुटी सहजासहजी मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. दीर्घ लढ्यानंतर 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मंजूर झाली. पुढे 1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे बंधनकारक केले. 2017 च्या नव्या कायद्याने ही अट काढली. आता दुकान वर्षाचे 365 दिवस उघडे ठेवता येते. परंतु प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती द्यावी लागते.

मेख पुढेच आहे. दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने या कायद्याने बहुतांश तरतुदींतून वगळली. अशा दुकानांत पाळीने सुटी द्यायला दुसरा माणूस सहसा नसतो. ग्राहकाला रविवारी सेवा जरूर मिळावी. पण ती देणाऱ्याचा रविवार निदान बुधवारी तरी यावा.