माउस की ट्रॅकबॉल? पेढीवरील संगणकासाठी निवड

पेढीसाठी तराजू घेताना आपण चार दुकाने हिंडतो, वजनमापाचा शिक्का तपासतो. संगणक घेताना मात्र पडदा, वेग आणि साठवण यांचीच चौकशी होते, आणि विक्रेता जो माउस हाती देईल तो आपण निमूटपणे घेऊन येतो. मार्चअखेरीस रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवणारा मुनीम असो वा जीएसटीची विवरणपत्रे भरणारी घरची सून असो, त्यांचा हात तासन्‌तास त्याच वस्तूवर असतो. मनगट दुखू लागले की मलमाचा शोध सुरू होतो. माउसकडे कोणी संशयाने पाहत नाही.

माउसला पर्याय आहे तो ट्रॅकबॉलचा. यात खोबणीत बसवलेला एक गोळा असतो. उपकरण जागचे हलत नाही. बोटांनी किंवा अंगठ्याने गोळा फिरवला की पडद्यावरील बाण सरकतो. हे काही नवे खूळ नव्हे, उलट माउसचा हा थोरला भाऊ आहे. राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी तो १९४६ मध्ये योजला; डग्लस एंगलबार्ट यांचा लाकडी माउस आला १९६४ मध्ये. कॅनडाच्या नौदलासाठी पुढे जो ट्रॅकबॉल बनला, त्यात तर बोलिंगच्या खेळातला चेंडूच बसवला होता!

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न जागेचा. आजचा माउस पोटाखालच्या प्रकाशात पृष्ठभागाची सूक्ष्म चित्रे झरझर टिपतो आणि त्यावरून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला टिपण्यासारखे काही सापडत नाही. सराफी पेढीच्या काचेच्या काउंटरवर बाण अडखळतो वा उड्या मारतो तो म्हणूनच. अनेकदा माउस बिघडलेला नसतो, खाली पॅड नसतो. ट्रॅकबॉल मात्र केवळ आपल्या गोळ्याकडे पाहतो. खाली काच असो वा गादी, बिलबुके आणि गिऱ्हाइकाच्या पिशव्यांमध्ये वीतभर जागा मिळाली तरी त्याचे काम चालते.

दुसरा प्रश्न हाताचा, आणि माझ्या मते तोच मोठा. लहान माउस प्रवासाला सोयीचा. पण दिवसभर वापरल्यास मोठ्या पंजाची बोटे आक्रसून राहतात. तळहाताला आधार मिळावा, मनगट वर वाकू नये आणि कोपर अंगाजवळ राहावे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. ट्रॅकबॉलमुळे हात सतत सरकवण्याचे श्रम वाचतात. परंतु अंगठ्याने फिरवायच्या प्रकारात सारा भार अंगठ्यावर येतो. ज्यांचा अंगठा आधीच दुखरा आहे त्यांनी बोटांनी फिरवण्याचा मोठ्या गोळ्याचा प्रकार पाहावा. तो बहुधा दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्यांनाही चालतो. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र उपकरण बदलून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ट्रॅकबॉलची बाजू घेताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. साधा माउस काही शेकड्यांत मिळतो, चांगल्या ट्रॅकबॉलला काही हजार मोजावे लागतात. हात बसेपर्यंत आठ-पंधरा दिवस चिडचिड होते. एकाच संगणकावर तीन-चार माणसे बसत असतील तर नवखा माणूस वैतागतो. यावर तोड सोपी आहे: जुना माउसही जोडलेला असू द्यावा, दोन्ही एकाच वेळी चालतात.

ज्यांचे बहुतेक काम टॅलीत आहे त्यांनी मात्र खरेदीपूर्वी जरा थांबावे. विक्रीच्या नोंदीला एफ८, खरेदीला एफ९, पावतीला एफ६ ही बटणे अंगवळणी पडली की माउसची गरजच निम्म्यावर येते, आणि त्याला पैसा पडत नाही.

तरीही ट्रॅकबॉल घेतलाच, तर कापडाच्या वा किराण्याच्या दुकानात तंतू आणि धूळ त्याच्या खोबणीत साचतात. गोळा जड फिरू लागला की तो बाहेर काढावा, कोरड्या मऊ फडक्याने पुसावा आणि ज्या बारीक मण्यांवर तो टेकतो त्यांवरचा मळ काडीने अलगद काढून गोळा पुन्हा बसवावा.